क्लचमधला बुडबुडा

ताम्हिणीच्या अलीकडे, चांगला डांबरी रस्ता सोडून आम्ही चौघे मित्र चार गाड्या घेऊन हौसेने चिखलात उतरलो होतो, तिथे माझ्या जीपचा क्लच पायाखाली गेला तो वर आलाच नाही. मी पाय उचलला. पेडल खालीच. दुपारचं जेवण झाल्यावर पाहुणे आलेले मामा चटईवर आडवे होतात, तसं ते निवांत पडून राहिलं. बुटाच्या टोकाने उचलून वर आणलं, पुन्हा दाबलं, पुन्हा आडवं.

ऑफरोडिंग ही गोष्ट आमच्या अण्णांना पटलेली नाही. "आमच्या गावाला रस्ता व्हावा म्हणून मी अकरा वर्षं अर्ज लिहिले," ते म्हणतात, "आणि तू पेट्रोलपंपावर पाच हजार मोजून रस्ता सोडायला जातोस." गाडी डिझेलवर चालते, एवढाच मुद्दा मला त्यात खोडता आलेला आहे.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. तिची काही चूक नव्हती. चूक माझ्या आधीच्या तीन मालकांची, आणि चौथ्याची. तसंही मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडायला लागल्या, तेव्हापासून चारही चाकांनी ओढणारं जे काही असेल ते मराठीत जीपच असतं. माझी जीप, शेजारी उभी होती ती जिप्सी. जिप्सीवाल्या मित्राने वाकून माझं पेडल पाहिलं आणि म्हणाला, "तुझा हायड्रॉलिक ना? माझ्याकडे केबल आहे." गावाकडे बागायती असलेला माणूस भाड्याच्या घरात राहणाऱ्याशी बोलतो, तो सूर.

क्लचशिवाय गाडी घरी आणता येते. फक्त आणणाऱ्याला लाज नसावी लागते. इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि थेट सेल्फ मारायचा. गाडी तीन गचके खाते आणि निघते. पुढचे गिअर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिनाचा आणि चाकांचा सूर जुळतोय असं वाटलं की अलगद सरकवायचे. जुळला तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. नाही जुळला तर झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज येतो, फक्त तो पुढच्या बसस्टॉपपर्यंत ऐकू जातो. सिग्नल लागला की इंजिन बंद. सुटला की पुन्हा सेल्फ, पुन्हा तीन गचके. चांदणी चौकात मागच्या स्कूटरवाल्याने शेजारी येऊन विचारलं, "काका, सेल्फवरच आणलीत का गाडी?" त्याला टोमणा मारायचा होता. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. म्हणजे, दुरुस्ती घरीच करू असं मी ठरवलं.

हायड्रॉलिक क्लच समजायला अगदी सोपा असतो, आणि माझी सगळी आपत्ती त्यातूनच उद्भवली. पायाशी एक सिलिंडर, खाली गिअरबॉक्सला चिकटून दुसरा, मध्ये एक बारीक नळी आणि तिच्यात ब्रेक ऑइल. वर पेडल दाबलं की वरचा पिस्टन तेल ढकलतो, तेल खालच्या पिस्टनला ढकलतं, तो फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटला, आणि क्लच सुटतो. सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकते त्याच पद्धतीने, मात्र इथे सरकते. वरच्याला मास्टर सिलिंडर म्हणतात आणि खालच्याला स्लेव्ह. आमच्याकडचे मेस्त्री लोक वरच्याला सरळ 'मास्तर' म्हणतात. चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या अण्णांना हे कळलं, तेव्हा जीपविषयीचं त्यांचं मत पहिल्यांदा जरा नरमलं. ते टॉर्च घेऊन खाली आले.

"पास्कल," बॉनेटखाली वाकून ते म्हणाले. कुणा जुन्या विद्यार्थ्याला ओळखावं तसे. "बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. मग तुझा का पोचत नाही?"

कारण शोधायला फार बुद्धी लागली नाही. पेडलमागचा गालिचा कोरडा होता, म्हणजे मास्तर निर्दोष. जीपखाली सरपटत जाऊन खालच्या सिलिंडरच्या टोकाचं धुळीचं रबर बोटाने जरा मागे सारलं, तर आतून काकवीसारखं काळं तेल थेट माझ्या बाहीत उतरलं. आतला रबरी कप गेला होता. इथे एक उपकार मोजायला हवा. माझ्या गाडीचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टवर आहे. अनेक नव्या गाड्यांमध्ये तो शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या आत बसवलेला असतो. तिथे तीनशे रुपयांचं रबर बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दाढ काढायला पेशंटला उलटं टांगण्यातला प्रकार.

दोन बोल्ट निघाले. नळीचा नट निघेना. या नटांचं एक आहे, त्यांना साधा दहाचा पाना चालत नाही. नळीला मिठी मारणारा, एका बाजूने उघडा असलेला खास पाना लागतो. तो माझ्याकडे नव्हता. साधा लावला, जोर केला, आणि सहा कोपऱ्यांचा नट हळूहळू गोल होताना मी डोळ्यांनी पाहिला. शेवटी पक्कड लावून काढला. तो प्रसंग वर्णन करण्याजोगा नाही. तेव्हा मी जे बोललो, तेही नाही.

सिलिंडर हातात आला, पण पिस्टन आत घट्ट बसलेला. अण्णांनी सुचवलं की सायकलचा पंप लाव. मी नळीच्या भोकाला पंपाचं तोंड दाबून धरलं, अण्णांनी पंप मारायला घेतला. एक, दोन, तीन. चौथ्याला काहीच झालं नाही. पाचव्याला 'फट्' असा आवाज होऊन पिस्टन माझ्या कानाजवळून गेला, स्प्रिंग त्याच्या पाठोपाठ गेली, आणि दोन्ही जिन्याखालच्या कुंडीतल्या कढीपत्त्यात जाऊन पडले. मी सिलिंडरचं तोंड स्वतःच्या चेहऱ्याकडे का धरलं होतं, या प्रश्नाचं उत्तर अजून कुटुंबाला देऊ शकलेलो नाही. पिस्टनवर चिंधी धरायची असते, हे मला त्यानंतर कळलं. अण्णांना मात्र प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद लपवता येत नव्हता. त्यांच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत पन्नास वर्षांत एवढं काही उडालं नसावं.

मग मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. "किट द्या, आणि ब्रेक ऑइल."

"डॉट थ्री का फोर?"

मी म्हटलं, जे चांगलं असेल ते. असं उत्तर अण्णांच्या देखत द्यायचं नसतं. त्यांनी चष्मा काढला, बाटल्या नाकाजवळ धरल्या आणि दुकानातच तास सुरू केला. डॉट म्हणजे अमेरिकेतल्या वाहतूक खात्याची आद्याक्षरं. डॉट थ्री कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट फोर २३० पर्यंत. पण ही दोन्ही तेलं पाणी ओढतात. शंभर भागांत ३.७ भाग पाणी मिसळलं की तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आणि मुळात हे तेलच नव्हे, ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे. नुसतं 'ऑइल' म्हणतात म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतलं, तर आतली सगळी रबरं फुगून बसतात.

"म्हणजे हे सादळतं," मागे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या. त्या स्कूटरची ब्रेकवायर घ्यायला आल्या होत्या.

अण्णा थांबले. ब्रेक ऑइलचा हा गुण इतक्या नेमक्या शब्दात कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही. पापड सादळतो, मीठ सादळतं, आगपेटी सादळते, आणि पावसाळाभर मुळशीच्या ओढ्यांत डुंबणाऱ्या जीपचं ब्रेक ऑइल सादळतं. क्लच काही ब्रेकसारखा तापत नाही, त्यामुळे तेल उकळायची भीती कमी. पण तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं, गंज रबराला कातरतो, आणि कातरलेलं रबर ताम्हिणीला मान टाकतं. हे तेल दर दोन वर्षांनी बदलावं म्हणतात. माझ्या गाडीतलं बहुधा दुसऱ्या मालकाच्या लग्नाच्या वेळचं होतं.

सिलिंडरच्या आत झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, ब्रेक ऑइलनेच धुतला. पेट्रोलने धुतला असता तर नवं रबरही फुगलं असतं. कपाचा ओठ तेलाकडे राहील असा कप बसवला. तो उलटा बसवणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही, मी एकदाच बसवला होता.

आता उरलं हवा काढणं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली निपलवर. मास्तर वर बसले. स्लेव्ह गाडीखाली गेला.

कृती अशी. वरच्याने तीन-चार वेळा पेडल मारून शेवटी दाबून धरायचं. खालच्याने निपल पाव फेरा ढिली करायची, हवा मिसळलेलं तेल नळीतून बाटलीत येतं. निपल आवळायची. ती आवळल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. निपलला लावायला पारदर्शक नळी लागते म्हणून मी औषधाच्या दुकानातून सलाइनची आणली होती. "पेशंट कुठे असतो?" दुकानदाराने विचारलं होतं. "पार्किंगमध्ये," मी म्हणालो होतो, आणि त्याने पैसे मोजायचं थांबून माझ्याकडे पाहिलं होतं.

"दाबा," मी खालून ओरडलो.

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

मी निपलला पाना लावला आणि अण्णांना कळावं म्हणून म्हणालो, "सोडतो."

अण्णांनी पाय सोडला. बाटलीतलं काळं तेल 'सुर्र' करून नळीतून वर चढलं.

"अण्णा, पाय का उचललात?"

"तू म्हणालास ना, सोडा."

"सोडा नाही, सोडतो. मी निपल सोडतो."

"मग निपल सोडतो म्हण. कर्माशिवाय सकर्मक क्रियापद वापरलंस तर घोटाळा होणारच."

पुन्हा सुरुवात. मी 'निपल सोडतो' म्हणायचं ठरवलं. पण शेजारच्या इमारतीत फरशी कापण्याचं मशीन चालू झालं, आणि अण्णांना त्यातून फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. 'ढिलं करतो' करून पाहिलं. त्यांना ते 'ढिलं करा' ऐकू आलं. 'आवळलं' हा शब्द त्यांना 'आवरलं' वाटला आणि ते गाडीतून उतरलेच. अर्ध्या तासात आम्ही जेवढी हवा काढली होती, तेवढीच भरलीही होती. गाडीखाली उताणं पडून, तोंडावर चिखलाचे वाळके पोपडे झेलत, वडिलांशी व्याकरणावर वाद घालायची सोय देवाने फार थोड्या मुलांना दिली असेल.

तोडगा अण्णांनीच काढला. शाळेत चौतीस वर्षं जो हुकूम कुठल्याही गोंगाटातून मागच्या रांगेपर्यंत पोचला होता, तोच वापरायचा. सावधान म्हणजे पेडल दाबून धरायचं. विश्राम म्हणजे सोडायचं. बाकी मी काहीही पुटपुटलो तरी त्यांनी हलायचं नाही.

आणि हे चाललं. "सावधान!" पेडल खाली. निपल ढिली, फुर्र, निपल घट्ट. "विश्राम!" पेडल वर. दहाएक वेळा झाल्यावर गाडीखालून मला दिसलं, समोर स्लीपर घातलेल्या लहान पायांची एक रांग उभी आहे. सावधानला टाचा जुळत होत्या, विश्रामला डावा पाय बाजूला जात होता. सोसायटीतली सगळी पोरं फुटबॉल टाकून आली होती. गाडीखालचा माणूस कवायत का घेतोय, असा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडलेला नव्हता.

नळीतून येणारे बुडबुडे कमी झाले. मग अचानक वाढले. मग नळीतून तेल यायचंच थांबलं, नुसती हवा. आम्ही दोघेही चक्रावलो. अण्णांनी गळतीच्या तीन शक्यता मांडल्या. एवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बायकोचा आवाज आला, "अरे, वरच्या डबीत तेल आहे का बघितलंस?"

डबी कोरडी ठाक. खालून काढलेल्या तेलाची भरपाई वरून करायची असते, हे दोन पुरुषांच्या आणि पास्कलच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही निष्ठेने सगळ्या यंत्रणेत पार्किंगमधली ताजी हवा भरली होती.

"तेल आहे का, हे ती तिसऱ्या मजल्यावरून कसं ओळखते?" अण्णांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, ती रोज दूध गॅसवर ठेवते.

संध्याकाळपर्यंत अर्धा लिटर संपलं. पेडल वर यायला लागलं होतं, पण खालचा अर्धा भाग अजून लिबलिबीत, पायाखाली शिळ्या ब्रेडवर उभं राहिल्यासारखा. अण्णांच्या गुडघ्यांना हा क्लच मानवला होता. गिअरला मानवला नव्हता. चहा घेताना त्यांनी वीजबिलाच्या मागे गणित मांडलं.

वरच्या सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर. पिस्टन सरकतो ३० मिलिमीटर. गुणाकार केला तर पेडल पूर्ण दाबल्यावर पुढे जाणारं तेल होतं सहा मिली.

"सहा मिली?" मी म्हणालो. खोकल्याच्या औषधाचा डोस याहून मोठा असतो. सव्वा टनाच्या वर वजनाची गाडी, तिचा सगळा रुबाब, चिखलातला माज, हे सगळं चमचाभर तेलावर चालत होतं.

"खालचा व्यास २०. तिथे हेच तेल पिस्टनला १९ मिलिमीटर सरकवणार. जोर दीडपट, अंतर कमी. आता नळीत दोन मिलीचा बुडबुडा आहे असं धर. दाब वातावरणाच्या वीसपट धरू. बुडबुडा दबून झाला पॉइंट एक मिली. म्हणजे तुझ्या पायाने ढकललेलं एक पूर्णांक नऊ मिली तेल त्याला दाबण्यातच गेलं. खालच्या पिस्टनचे सहा मिलिमीटर गायब." त्यांनी पेन ठेवलं. "पास्कलच्या नळीत बॉईल शिरलाय."

अण्णांच्या शाळेत रॉबर्ट बॉईल एका धड्यात यायचा आणि पास्कल दुसऱ्या. बॉईलने दाब आणि आकारमानाचा नियम छापला १६६२ साली. पास्कल गेला १६६२ सालीच, वयाच्या ३९ व्या वर्षी. "दोघांची गाठ पडली नसावी," अण्णा म्हणाले, "ती तुझ्या जीपमध्ये पडली." मला वाटतं, सगळ्या नोकरीत त्यांना इतका बिनचूक प्रयोग कधी दाखवता आला नव्हता. पण प्रयोग चालू राहणं आणि जीप बंद राहणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. मी पौड रस्त्यावरच्या एका मेस्त्रींना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, हवा कुठनं काढताय?"

"खालून. निपलमधून."

"बुडबुडा खाली उतरंल का? त्याला वर जायचंय, तर जाऊ द्या की वर. जनावराच्या दवाखान्यातली मोठी सिरिंज घ्या, निपलमधनं तेल मारा वरच्या अंगाला. झालं."

फोन स्पीकरवर होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. बुडबुडा वर जातो, हे त्यांनी हजारो मुलांना सांगितलं होतं, फळ्यावर बुडबुडे काढून, वर जाणाऱ्या बाणांसकट. आणि दिवसभर आम्ही दोघे त्या बाणांना खाली ओढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी म्हशींना टोचायची सिरिंज आणली. तेल भरलं, तिच्यातली हवा आधी सुई न लावलेल्या तोंडाने काढली, नळी निपलला लावली आणि हळूहळू खालून वर तेल सारायला लागलो. आज उलटं होतं. अण्णा डबीवर टॉर्च धरून उभे होते आणि समालोचन करत होते. "एक आला. बारीक. आणखी एक. अरे, हा मोठा, हा बघ, हा!" बुडबुडा फुटल्याचा 'ब्लुप्' असा आवाज मला खालीही ऐकू आला. तो बहुधा दोन मिलीवाला होता. त्या भरात मी सिरिंज अजून दाबली, डबी भरून वाहिली, आणि तेल बाजूच्या मडगार्डवर ओघळलं.

पेडल मारून पाहिलं. कडक. पहिल्याच इंचात अंगावर येणारं. गिअर पडला, गाडी गचका न देता निघाली, आणि पोरांनी कुणी न सांगता विश्राम घेतला. आम्ही वर जाऊन चहा घेतला, मेस्त्रींना फोन केला, मडगार्ड विसरलो.

ब्रेक ऑइल रंग खातं. तेव्हाच पाण्याने धुतलं असतं तर काही झालं नसतं. दोन दिवसांनी मडगार्डवरचा रंग बरोबर ओघळ गेला होता त्या रेषेत सैल झाला आणि मधोमध रुपयाएवढा फुगला. अण्णा आता सकाळी फिरायला जाताना जीपपाशी थांबतात, त्या फुग्यावर बोट ठेवून जरासं दाबतात, तो दबतो, बोट काढलं की परत वर येतो.

"निघाला नाही," कालच ते म्हणाले. "बाहेर राहायला आलाय."